ठोक रे बाळा, कीबोर्डवरच ठोक!

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपच्या व्हायव्हामध्ये एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे — ‘हातोडीचे प्रकार सांगा.’ आणि त्याचं उत्तरही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे — ‘सर, बॉल पेन, क्रॉस पेन, स्ट्रेट पेन.’ सीनियरकडून ज्युनियरकडे जुन्या जर्नलसोबत हे उत्तरही वारसाहक्काने येतं. पंचाईत पुढेच आहे. तीच हातोडी हातात देऊन कुणी म्हटलं, ‘बरं, आता हा खिळा ठोकून दाखव,’ की भल्याभल्यांचा नेम खिळ्याऐवजी स्वतःच्या अंगठ्यावर बसतो!

आपण हसतो आणि सोडून देतो. पण मित्रांनो, ज्यांना उद्या लोक ‘इंजिनिअर साहेब’ म्हणणार आहेत, त्यांच्या हाताची आणि हत्यारांची ओळख अठराव्या वर्षी, तीही सबमिशनच्या धाकाने व्हावी, हे खरंच हसण्यावारी नेण्यासारखं आहे का? हा प्रश्न डोक्यात ठेवूनच एका खेळण्याची गोष्ट सांगावीशी वाटते.

१९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत हॅस्ब्रो इंटरअॅक्टिव्ह या कंपनीने अगदी लहान मुलांसाठी, म्हणजे आपल्याकडे जी बालवाडीत जातात तेवढ्या मुलांसाठी, ‘टोन्का’ या नावाखाली कॉम्प्युटर गेम्स काढले. त्यांतल्या काही गेम्सची गंमत अशी होती, की सीडीबरोबर प्लॅस्टिकचं एक खेळणंही मिळायचं. सुतारकामाच्या गेमसोबत एक छोटासा कामाचा बाक यायचा. तो कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर नीट बसवायचा. मग प्लॅस्टिकची हातोडी, करवत अशी हत्यारं घेऊन पोराने त्या बाकावर ठोकायचं, घासायचं, आणि स्क्रीनवर खिळा आत जायचा, फळी कापली जायची. पोराला माऊस धरता येत नाही, अक्षरं वाचता येत नाहीत, तरी कॉम्प्युटर चालवता येतो! आई-बापही खूश, पोरगंही खूश, आणि कंपनी तर सर्वांत खूश.

या ‘टोन्का’ नावाचा इतिहास फार मजेदार आहे. १९४६ साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात माउंड नावाच्या गावी एक छोटी कंपनी सुरू झाली, माउंड मेटलक्राफ्ट. तिचा मूळ धंदा काय? तर बागकामाची अवजारं बनवायची! खरीखुरी, लोखंडाची. जोडीला म्हणून १९४७ मध्ये त्यांनी पत्र्याची दोन खेळणी काढली, एक क्रेन आणि एक माती उपसायचं यंत्र. खेळणी एवढी खपली, की अवजारं मागे पडली. १९५५ मध्ये कंपनीचं नावच बदलून टोन्का झालं. जवळच्या मिनेटोन्का तळ्यावरून ते घेतलं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या डकोटा भाषेत टोन्का म्हणजे मोठं. १९९१ मध्ये ही कंपनी हॅस्ब्रोने विकत घेतली. म्हणजे बघा, खऱ्या अवजारापासून पत्र्याच्या खेळण्यापर्यंत, पत्र्याच्या खेळण्यापासून प्लॅस्टिकच्या हातोडीपर्यंत आणि तिथून स्क्रीनवरच्या चित्रापर्यंत. पन्नास-पंचावन्न वर्षांत एका नावाने केलेला हा प्रवास! पुढे हॅस्ब्रोने आपला तो गेम्सचा विभागच विकून टाकला, २००१ मध्ये तो फ्रान्सच्या इन्फोग्रामकडे गेला. सीडी तर आता लॅपटॉपमध्ये घालायलाही जागा उरलेली नाही.

मग गेलेल्या गोष्टीचा आज काथ्याकूट कशाला? कारण खेळणं गेलं, पण त्यामागची कल्पना गेली नाही. उलट तीच आज घरोघरी नांदते आहे.

ती समजून घ्यायला आपल्या लॅबमधला एखादा बाद कीबोर्ड उघडून बघा. आत प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे सापडतील. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीजवाहक रेषा छापलेल्या असतात आणि मधल्या पापुद्र्याला भोकं असतात. कळ दाबली, की त्या भोकातून वरची रेषा खालच्या रेषेला टेकते. बाजूची छोटी चिप आडव्या-उभ्या ओळी सतत तपासत असते. कुठली ओळ कुठल्या ओळीला चिकटली, एवढं तिला कळतं, आणि त्या कळीचा नंबर ती कॉम्प्युटरला पाठवते. बस्स. आता त्या बाकाच्या पोटात काय चालतं ते ओघानेच आलं. पोराने हातोडी मारली, की खालची दांडी एक कळ दाबते. करवत फिरवली, की दुसरी कळ दाबली जाते. कॉम्प्युटरला ना हातोडी दिसते ना करवत. त्याला फक्त कळत असतं, ‘ही कळ दाबली’ किंवा ‘नाही दाबली.’ शून्य किंवा एक.

म्हणजे हातोडी कितीही हातोडीसारखी दिसली, तरी ती बटणच!

खरी हातोडी काय काय सांगते ते आठवा. (ज्यांनी कधी उचललीच नाही, त्यांनी मेसच्या मागे जाऊन एक खिळा ठोकून बघावा.) खिळा सागवानात सरळ जातो, वाळलेल्या बाभळीत तोच खिळा वाकडा होऊन आपल्याकडे तोंड करून बघतो. दांडा टोकाला धरला, की जोर येतो पण नेम जातो. डोक्याजवळ धरला, की नेम येतो पण जोर जातो. ही तरफ आपल्याला मेकॅनिक्समध्ये आकृती काढून शिकवतात. खिळा आत जाऊ लागला, की ठोक्याचा आवाज बदलतो, आणि मुरलेला वाढई न बघता, नुसत्या आवाजावरून ओळखतो की आता थांबायचं. करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, म्हणून खाच पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं अडकत नाही. हे कुठल्या पानावर वाचून कळतं? कळतं, पण करवत अडकली की जास्त कळतं. हत्यार हे एकतर्फी नसतंच मुळी. आपण त्याला ढकलतो आणि तेही आपल्याला ढकलतं. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात ज्याला ‘फीडबॅक’ म्हणतात, तो हाच. त्या प्लॅस्टिकच्या हातोडीत हा परतीचा रस्ताच बंद आहे. हळू मारा, जोरात मारा, वाकडी मारा, स्क्रीनवरचा खिळा नेहमी सरळच जातो. पोराला शाबासकी मिळते, पण खिळ्याबद्दल काहीही कळत नाही.

आता लगेच कुणी म्हणेल, ‘अरे, चार वर्षांच्या लेकराच्या हातात खरी करवत देतोस का?’ मुद्दा रास्त आहे. प्लॅस्टिकच्या हातोडीने बोट ठेचत नाही. शिवाय चार वर्षांच्या मुलाला माऊस हलवला की बाण हलतो, हे जमणं अवघड असतं. त्यापेक्षा मुठीत मावेल असं काहीतरी बरं. आणि ज्या मुलांची बोटं नीट चालत नाहीत, त्यांना तर असं मोठं, दणकट, एका ठोक्यात चालणारं बटण म्हणजे वरदानच. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये हाताने अधू असलेल्यांसाठी खास कंट्रोलर काढला, त्यावर दोन मोठाली बटणंच आहेत आणि बाकी हवी ती उपकरणं त्याला जोडता येतात. तिथे बटण हे बटण म्हणूनच येतं, उपयोगी पडतं आणि मान मिळवतं. माझं भांडण बटणाशी नाहीच. बटणाला हातोडीचा मुखवटा चढवून ‘तुमचं मूल यातून कारागिरी शिकेल’ असा जो भास निर्माण केला जातो, त्याच्याशी आहे.

दुसरा आक्षेप याहून जड आहे आणि तो आपल्याच जिल्ह्यातून येतो. यवतमाळ जिल्हा म्हणजे कापसाचा जिल्हा. इथे अवजार हे कुणाच्या हौसेचं नसतं. डवरा, वखर, तिफण, विळा, कुदळ, सब्बल — या प्रत्येकाने कुणाच्या ना कुणाच्या हाताला घट्टे पाडले आहेत. ‘माह्या पोट्ट्याच्या हातात डवरा नोको बाप्पा, कम्प्युटर पाह्यजे’ असं म्हणणारा बाप आपल्यापैकी अनेकांच्या गावात आहे, काहींच्या तर घरातच आहे. त्याच्यासमोर उभं राहून ‘काका, हाताने काम करण्यात मोठा आनंद असतो’ असं सांगायची आपली छाती आहे का? ज्या मुलांना वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवून आईबरोबर वावरात जावं लागतं, त्यांच्या बाबतीत हाताच्या शिक्षणाचे गोडवे गाणं म्हणजे क्रूर थट्टा आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने बंदी आहे. घरच्या कामात शाळा सुटल्यावर किंवा सुटीत मदत करण्याची सवलत ठेवली आहे. त्या सवलतीच्या फटीतून किती बालपण गळतं, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. कामाला जुंपणं वेगळं आणि खेळायला देणं वेगळं. एकात मुलाला थांबता येत नाही, दुसऱ्यात त्याला वाटेल तेव्हा थांबता येतं. एकात कामाचा दाम दुसऱ्याच्या खिशात जातो, दुसऱ्यात जे काही मिळतं ते मुलाच्या डोक्यात आणि बोटांत राहतं. पण यातला विरोधाभास बघा! ज्याच्या पोराला आयुष्यात हातोडी उचलायची वेळ येणार नाही, त्याने पैसे मोजून प्लॅस्टिकची हातोडी आणायची. आणि ज्याच्या घरात सात पिढ्यांची हत्यारं आहेत, त्याने ती पोरापासून लपवून त्याच्या हातात मोबाईल द्यायचा. दोघांची पोरं शेवटी काचेच्या एकाच चौकटीसमोर येऊन बसतात. पहिल्याला वाटतं हे काम म्हणजे खेळ आहे, दुसऱ्याला वाटतं हे काम म्हणजे शिक्षा आहे. हातोडीत अक्कल असते, हे दोघांपैकी कुणालाच कळत नाही.

हे आपल्याला नवीन नाही. आपल्या समाजाने फार पूर्वी ठरवून टाकलं होतं, की पोथी एकाच्या हातात आणि पटाशी दुसऱ्याच्या हातात. पोथीवाल्याने पटाशीला शिवायचं नाही आणि पटाशीवाल्याला पोथी दाखवायची नाही. इंजिनिअरिंग कॉलेज ही अशी एकमेव जागा असायला हवी होती, जिथे दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात येतात. पण आपणही काय केलं? ‘थिअरी’ क्लासरूममध्ये आणि ‘प्रॅक्टिकल’ जर्नलमध्ये!

ही दरी बुजवायचा मोठा प्रयत्न आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि ‘नई तालीम’ सुरू झाली. मूल टकलीवर सूत काढेल आणि त्या सुतातूनच गणित, भूगोल, विज्ञान शिकेल, अशी ती कल्पना. त्या वेळीही टीका झालीच. कारागिराच्या पोराला कारागिरीतच अडकवून ठेवायचा हा डाव आहे, असं म्हणणारे होते, आणि त्यांची शंका अगदीच खोटी नव्हती. नई तालीम सगळीकडे रुजली नाही. पण सेवाग्रामला २००५ पासून ‘आनंद निकेतन’ ही शाळा त्या विचाराने पुन्हा सुरू झाली. आपल्यापैकी कितीजण तिथे जाऊन आलेत? सेवाग्रामला आपण ट्रेन पकडायला जातो!

अगदी लहान मुलांचं म्हणाल, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे केलं ते आपल्या विषयाच्या फारच जवळचं आहे. मादाम मॉन्टेसरींची बालशिक्षणाची पद्धत सुंदर, पण तिची साधनं महाग, शहरातल्या चार घरांना परवडतील अशी. ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघरमधल्या) बोर्डीला बालशिक्षण खेड्यात नेलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी ते आदिवासी मुलांपर्यंत पोचवलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. साधनं कुठली? तर शंख-शिंपले, बिया, दगड, पानं. म्हणजे परदेशातली वस्तू जशीच्या तशी आणली नाही. तिच्यातलं तत्त्व घेतलं आणि वस्तू आपल्या मातीतली वापरली. याला इंजिनिअरच्या भाषेत काय म्हणतात? चांगलं डिझाईन!

आपल्या घरातलीच उदाहरणं घ्या. भातुकली ही काय आहे? लहानसं जातं, लहानसा पाटा-वरवंटा, चूल, सूप, सगळी खेळण्यातली हत्यारंच. (त्यातही मुलींना भातुकली आणि मुलांना हातोडी, ही वाटणी आपण इमानेइतबारे केलीच. म्हणून तर वर्कशॉपमध्ये मुलीच्या हातात फाईल दिसली की काही महाभागांना अजून हसू येतं.) आणि आपल्या विदर्भाचा खास सण, तान्हा पोळा! मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडाचे, चाकं लावलेले नंदी घेऊन पोरं निघतात. वाढयाने एकाच ओंडक्यातून घडवलेला तो बैल, त्याची शिंगं रंगवायची, झूल घालायची, दोरी बांधायची, घरोघरी न्यायचा आणि बोजारा मागायचा. तीन वर्षांचं लेकरूसुद्धा ती दोरी ओढत असतं.

इथे कुणी म्हणेल, लाकडाचा बैल तरी कुठे नांगर ओढतो? तोही खोटाच की! खोटाच आहे. पण फरक बघा. दोरी ओढली तर बैलाचं वजन हाताला लागतं. चाक दगडाला अडलं की बैल थांबतो, जोरात ओढला की उलथतो, एका बाजूने ओढला की वळतो. न्यूटन त्याला माहीत नसतो, पण न्यूटन त्याला सोडतही नसतो. आणि बाकीचं सगळं, म्हणजे त्या बैलाचं नाव, त्याचं वावर, त्याचा राग, त्याची वैरण, हे पोरगं स्वतःच्या मनाने उभं करतं. गेममध्ये नेमकं उलट होतं. तिथे बाकीचं सगळं प्रोग्रामरने आधीच करून ठेवलेलं असतं, पोराच्या वाट्याला फक्त कळ दाबणं येतं. माझ्या मते चांगलं खेळणं ओळखायची खूण हीच आहे. ज्यात खेळणं कमी करतं आणि मूल जास्त करतं, ते चांगलं. ज्यात खेळणंच सगळं करतं आणि मूल बघत बसतं, ते कितीही महाग असो, वाईट.

ही कॉम्प्युटरद्वेष्ट्या माणसाची रडगाणी आहेत, असं कुणी समजू नये. सीमोर पेपर्ट हा लहान मुलांना कॉम्प्युटर देणाऱ्यांतला आद्य माणूस. १९६७ च्या सुमाराला त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली, आणि तिच्याबरोबर जमिनीवर फिरणारं एक यांत्रिक कासवही. १९८० च्या आपल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकाच्या सुरुवातीला तो स्वतःबद्दल सांगतो, की अगदी लहानपणी त्याला गाड्यांच्या गिअरचं वेड होतं आणि पुढे गणित समजायला तेच दातेरी चाकांचे खेळ उपयोगी पडले. म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांच्या या गुरूच्या डोक्यात आधी गिअर फिरले आणि नंतर प्रोग्राम!

आपल्याकडे अरविंद गुप्ता यांचं नाव घ्यायलाच हवं. आयआयटी कानपूरहून १९७५ मध्ये इंजिनिअर झालेला हा माणूस पुण्यात टेल्कोमध्ये ट्रक बनवत होता. १९७८ मध्ये ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमध्ये काड्यापेटीच्या काड्या खोचून त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवायला लागले. त्रिकोण ढकलला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलतो. ट्रस का त्रिकोणांचा बनवतात, हे दोन मिनिटांत समजतं. पुढे पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि शाळेतल्या मुलांच्या हातात वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम दिलं, तेही शिक्षण म्हणून, शिक्षा म्हणून नव्हे. या दोघांनी केलं ते आपल्याला का जमू नये? आपल्याकडे तर आख्खं वर्कशॉप आहे!

आता आजचं बघू. टोन्काच्या त्या खेळण्यात निदान मुठीत धरायला दांडा होता, हात वर-खाली करावा लागत होता. आजच्या मोबाईलवरच्या सुतारकामाच्या गेममध्ये तोही नाही. एक बोट काचेवरून फिरवलं की लाकूड कापलं! त्या मानाने बिचारं जुनं खेळणं बरं म्हणायची पाळी आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी स्क्रीनसमोर दिवसाला एका तासापेक्षा जास्त बसू नये, आणि कमी तितकं चांगलं. दोन वर्षांच्या आतल्यांना तर देऊच नये. सुटीत घरी गेलात की पुतण्या-भाचरांकडे जरा लक्ष द्या. मोबाईल दाखवल्याशिवाय घास गिळत नाही असं लेकरू नात्यात एखादं तरी निघेलच. आणि त्याच्या हातात तो मोबाईल पहिल्यांदा ठेवणारा ‘इंजिनिअर काका’ आपल्यातलाच कुणीतरी असतो, ही गोष्ट निराळी.

नुसतं ‘असं नको’ म्हणून पांढऱ्यावर काळं करणं सोपं आहे. म्हणून तीन गोष्टी सुचवतो. स्टाफने आणि आपण मिळून त्यावर विचार करावा.

पहिली गोष्ट. वर्कशॉपमध्ये दरवर्षी जॉब झाल्यावर लाकडाचे तुकडे उरतात. त्यांतून जवळच्या अंगणवाड्यांसाठी खेळण्यातली हत्यारं आणि ठोकळे बनवावेत. लाकडी हातोडा आणि खुंट्या ठोकायची पाटी, मोठा लाकडी नट-बोल्ट, एक छोटी कप्पी, एक तराजू. हे फार अवघड नाही, पण हयगयीचंही नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा कुठलाही सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, नाहीतर तो घशात अडकू शकतो, असा सुरक्षेचा नियम आहे. साधारण कॅमेऱ्याच्या जुन्या रोलच्या डबीएवढं ते माप. कडा गोल हव्यात, कूस निघता कामा नये, रंगात शिसं नको, आणि बटण सेल तर मुळीच नको. तो गिळला गेला तर अन्ननलिका आतून भाजते. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांना बीआयएसचं चिन्ह बंधनकारक झालं आहे, तेव्हा त्या मानकांचा अभ्यासही होऊन जाईल. सहनशीलता, फिट, फिनिश हे शब्द जर्नलमध्ये लिहिण्याऐवजी एखाद्या लेकराच्या बोटांसाठी पाळावे लागले, तर ते जन्मभर विसरणार नाहीत.

दुसरी गोष्ट इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी. कॉम्प्युटरला हातोडी जोडायचीच असेल, तर ती खरी जोडा ना! पिझो डिस्क काही रुपयांत मिळते. तिच्यावर ठोका पडला की व्होल्टेज येतं, आणि जोराचा ठोका असेल तर जास्त येतं. ते अर्डुइनोसारख्या बोर्डाला दिलं, की हळू आणि जोरात यातला फरक कॉम्प्युटरला कळेल, खिळा वाकडाही होईल, आणि पोराला आपला हात सुधारावा लागेल. शून्य-एकच्या जागी ठोक्याचं खरं माप! निन्टेन्डोने २०१८ मध्ये पुठ्ठ्याची किट्स काढली होती, ज्यात मुलांनी स्वतःच घड्या घालून पियानो, गळ वगैरे बनवायचे आणि मग त्यानेच गेम खेळायचा. म्हणजे जगातल्या मोठ्या कंपनीलाही शेवटी पुठ्ठ्याकडे यावं लागलं. पुठ्ठा तर आपल्या होस्टेलच्या प्रत्येक खाटेखाली आहे! फायनल इयरला तेच तेच प्रोजेक्ट बाहेरून विकत आणण्यापेक्षा हे काय वाईट?

तिसरी गोष्ट सांगायला सर्वांत सोपी आणि करायला सर्वांत अवघड. आपला जॉब आपण स्वतः घासायचा. बाहेरून तयार जॉब आणायचा नाही, सीनियरचा जुना जॉब पॉलिश करून चिकटवायचा नाही, लॅब असिस्टंट काकांना ‘काका, जरा करून द्या ना’ म्हणायचं नाही. मार्क दोन कमी पडतील. पडू देत. तयार जॉब सबमिट करणारा आणि कीबोर्डवर प्लॅस्टिकची हातोडी आपटणारा, यांत मला तरी फरक दिसत नाही. दोघांनाही शाबासकी मिळते आणि दोघांनाही खिळ्याबद्दल काही कळलेलं नसतं. फरक असलाच तर एवढाच, की एक चार वर्षांचा आहे आणि दुसऱ्याने उद्या पुलाच्या नकाशावर सही करायची आहे.

मित्रांनो, आपला जिल्हा ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्याला संत गाडगेबाबांचं नाव आहे. बाबांच्या हातात कायम खराटा असायचा. ते आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तन करायचे. दिवसभर हाताने काम केलेल्या माणसाचा शब्द लोक संध्याकाळी मन लावून ऐकायचे. जगातलं हे एकच विद्यापीठ असेल-नसेल ठाऊक नाही, पण हातात अवजार घेतलेल्या माणसाचं नाव आपल्या डिग्रीच्या कागदावर छापलं जातं, ही गोष्ट साधी नाही. त्या नावाला जागायचं असेल, तर सुरुवात अंगणवाडीतल्या त्या चार वर्षांच्या लेकरापासून करू या. त्याला आपण घडवलेला एक लाकडी हातोडा देऊ, एक पाटी देऊ आणि बाजूला होऊ.

ठोकू दे त्याला. आवाज होईल थोडा. होऊ दे!